सातवं भय

“ज्याची श्रद्धा खरी, त्याला सात भयांतलं एकही भय शिवत नाही,” तवनाप्पा म्हणाले.

आवाज खणखणीत होता आणि प्रत्येक शब्द तोलून टाकलेला होता. असं वाक्य ऐकायला भाद्रपदात सांगलीच्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, एवढे लोक जमत की बसायला जागा मिळत नसे. आज मात्र ते देवखोलीतून बोलत होते. खोलीचं दार बंद होतं आणि कडी आतून होती.

दाराबाहेर घरची माणसं उभी होती आणि घराबाहेर मिरजेला जायचा टांगा उभा होता. घोड्याची चंदी खाऊन झाली होती. आता तो शेजाऱ्याच्या कुडाला तोंड लावत होता.

सेहेचाळीस सालचा कार्तिक होता. तवनाप्पांचा डावा डोळा मागच्या साली ‘पुढच्या महिन्यात बघू’ असं म्हणत म्हणत गेला, तो गेलाच. आता उजव्यातला मोतीबिंदू पुरता पिकला होता. मिरजेच्या मिशन दवाखान्यातल्या गोऱ्या डॉक्टरांनी उद्या सकाळची वेळ दिली होती आणि सांगितलं होतं, “परवा मी मायदेशी जातो, येईन वर्षानं. तोवर हा डोळा थांबणार नाही.” म्हणजे आज टांग्यात बसायचं, नाहीतर उरलेलं आयुष्य अंधारात काढायचं. यात तिसरी वाट नव्हती. तवनाप्पांनी ती काढली होती आणि तिला कडी लावली होती.

“आप्पा, टांगेवाला कुरकुर करतोय,” अजितकुमार दाराशी तोंड नेऊन म्हणाला. हा त्यांचा एकुलता मुलगा. मॅट्रिक झालेला आणि हळदीच्या पेढीवर बसणारा.

“करू दे. क्रोध जिंकायची त्याला आयती संधी आलीय.”

“सात भयं कोणती रं, तवना?” चंदनबाला आक्कांनी विचारलं. आक्का म्हणजे तवनाप्पांची थोरली बहीण. काल साताऱ्याहून मुद्दाम यासाठीच आल्या होत्या. देवखोलीसमोर त्यांनी पाट मांडला होता. त्यांना कुठं जायचं नव्हतं, आणि ते आतल्यालाही कळावं म्हणून त्यांनी पाट जरा आपटूनच मांडला होता.

आतून लगेच उत्तर आलं. विषय बदलल्याचा आनंद त्यात लपत नव्हता. “या लोकाचं भय, परलोकाचं भय, पाठीराखा नसल्याचं भय, चोराचिलटांचं भय, मरणाचं भय आणि अवचित काही कोसळेल त्याचं भय.”

आक्का सात बोटं उभी धरून एकेक मिटत गेल्या. यादी संपली तरी एक बोट उरलं. आपलंच मोजणं चुकलं असेल, असं मनाशी म्हणून त्यांनी तेही मिटून टाकलं.

“यातलं एकबी तुला न्हाई?”

“नाही.”

“मग कडी का लावलीस?”

“नियमासाठी.”

तवनाप्पांचा नियम सगळ्या हळदपेठेला ठाऊक होता. शास्त्राचं एक पान वाचल्याशिवाय घराचा उंबरा ओलांडायचा नाही. व्यापारी सौद्याला ताटकळत, पण ‘आप्पांचं पान व्हायचंय’ असं म्हटलं की गप्प बसत. एकदा शेजारच्या वखारीला आग लागली होती. तवनाप्पांनी शांतपणे पान संपवलं आणि मग ओरडत बाहेर आले. या गोष्टीचं पेठेत फार कौतुक झालं होतं. वखारवाल्यानं मात्र केलं नव्हतं.

“मग वाचा की पान,” अजित म्हणाला.

“दिसत नाही.”

“मग काल पेढीवर कसे आलात?”

“काल जुनं शास्त्र चालू होतं. ते पाठ होतं. काल ते संपलं आणि आज नवं धरलं. नवं पाठ नाही.”

अजित शाळेत असताना वादविवादात भाग घेत असे. त्यानं बोट वर करून मांडणी केली, “म्हणजे डोळा बरा झाल्याशिवाय तुम्हाला वाचता येत नाही. वाचल्याशिवाय बाहेर पडता येत नाही. आणि बाहेर पडल्याशिवाय डोळा बरा होत नाही.”

“बरोबर,” आतून आवाज आला. त्यात गणित नीट सुटल्याचं समाधान होतं.

गाठोडं घेऊन भिंतीशी उभ्या असलेल्या अजितच्या बायकोला, पद्मावतीला, यातलं काहीच नवं नव्हतं. सासऱ्यांना दिसत नाही हे तिला आषाढापासून माहीत होतं. पेठेत कुणाला पत्ता नव्हता, कारण हळदीचा सौदा रुमालाखाली हात घालून बोटांनी व्हायचा. त्याला डोळे लागत नसत. हळकुंड मोडून वास घेतला की तवनाप्पांना त्याचं गावसुद्धा कळे. बस्तीतही कुणाला कळलं नाही, कारण शास्त्र पाठ होतं. घरी पद्मावती मात्र दळण निवडता निवडता समोरच बसलेली असे. एकदा मामंजी स्वर्गातल्या विमानांचं वर्णन वाचत होते आणि समोरचं पान नरकाचं होतं. ती चौथी इयत्ता शिकली होती आणि दुरूनही तिला मोठी अक्षरं लागत. ती काही बोलली नाही. सुनेनं वर्तमानपत्र वाचावं की नाही यावर घरात रणं माजली होती, तेव्हा मामंजींनीच ‘वाचू दे’ म्हटलं होतं, आणि तेही आक्कांच्या विरोधात. त्या उपकाराची फेड म्हणून ती नरकात विमानं उडालेली चार महिने ऐकत राहिली होती.

आज ते गप्प बसणं तिच्या गळ्याशी आलं होतं. हातातल्या गाठोड्यात गाळणं होतं, पितळी तांब्या होता, दिवस मावळायच्या आत खायला भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी होती. दवाखान्यातलं पाणी गाळलेलं नसतं, तिथं जेवण रात्री येतं, असे सगळे आक्षेप मामंजींनी कालच घेतले होते. त्यांतला प्रत्येक आक्षेप तिनं गाठोड्यात बांधून घेतला होता. नियमाला बांधायला मात्र फडकं सापडत नव्हतं.

“मला वाटतं,” अजित खाली बघत म्हणाला, “नियम म्हणजे नियम. एखाद्याला नियम मोडायला लावणं हे आपल्याच माथी पाप.”

आक्कांनी मान वळवून त्याच्याकडं बघितलं. “सकाळी टांगा तूच ठरवलास न्हवं?”

“ठरवला. पण विचारांती—”

“विचारांती न्हाई. दवाखान्यात जवळच्या माणसाला आत थांबायला लावत्यात, हे त्या टांगेवाल्यानं तुला सांगितलं, तवापासनं तू पांढरा पडलायस. देवी टोचायच्या वेळी तू कुठं पडला होतास, ठावं हाय मला.”

देवी टोचायच्या वेळी तो शाळेच्या पायरीवर पडला होता, आणि टोचायची पाळी त्याच्या पुढच्या मुलाची होती.

एवढ्यात लालासाहेब पुढं झाले. लालासाहेब हे साताऱ्याकडचे पेन्शनीतले हवालदार. आक्कांच्या भुसारी दुकानावर राखणीला असत आणि प्रवासात सोबतीला येत. आपण गेलो की माणसाला धीर येतो, अशी त्यांची समजूत होती.

“आप्पा, आवं ह्यात भ्यायचं काय हाय?” ते दाराला उद्देशून म्हणाले. “आमच्या पलटणीत एक गडी व्हता. लढाईत बसऱ्याला त्याचा डोळा डाक्टरनं भायेर काढला आन बशीत ठिवला. आन गडी त्येच्या शेजारी बसून चा पीत व्हता.”

आत काहीतरी पडल्याचा आवाज आला. बहुतेक गंधाची वाटी असावी.

“मग पुढं?” आतून क्षीण आवाजात प्रश्न आला.

“पुढं काय? चा गार झाला म्हून वराडला.”

“लालासाब,” आक्का म्हणाल्या, “तुमी घोड्याला पाणी दावा जावा.”

“दावतो. पर एक सांगतो आप्पा. तोफ वाजली की मी रोज भ्यायचो. जोतिबाचं नाव घ्यायचो आन भ्यायचो. दोनी एकदमच चालायचं. एकानं दुसऱ्याचं कायबी आडलं न्हाई.” असं म्हणून ते घोड्याकडं गेले. आपण काही विशेष बोललो असं त्यांना वाटलं नसावं, कारण वाटलं असतं तर ते थांबले असते.

मग आक्का म्हणाल्या, “तवना, पान दाराखालनं सरकव. पद्मा वाचंल. तू आतनं ऐक. पान झालं की कडी काढ.”

पद्मावतीनं चमकून बघितलं. वर्तमानपत्राच्या वेळी ‘बाईमाणसाला अक्षर कशाला’ म्हणणाऱ्या आक्का त्या याच. राजकारणात बाजू बदलायला वर्ष लागतं. आक्कांना पाटावरून उठावंही लागलं नाही.

“नियम वाचायचा आहे, आक्का,” तवनाप्पा म्हणाले. “ऐकायचा नाही. वाचणं ते वाचणं. ऐकणं म्हणजे जरा खालची पायरी.”

हे वाक्य त्यांनी घाईत टाकलं होतं. सौद्यात ते असं कधी करत नसत.

आक्का गप्प झाल्या. त्या गप्प झाल्यावर घर गप्प होई, ही साताऱ्याची सवय त्यांच्याबरोबर सांगलीलाही येत असे. नवरा गेला तेव्हा त्यांचं वय पद्मावतीएवढंच होतं. दिरांनी दुकानाला कुलूप लावलं होतं आणि ‘सांगलीला भावाकडं जा, दोन घास मिळतील’ असं सुचवलं होतं. त्या सांगलीला आल्या ते भाद्रपदात. बस्तीत शेवटच्या ओळीत, खांबाला टेकून बसल्या. तवना वाचत होता. पाठीराखा नसल्याचं भय हे खोटं, कारण आत्म्याला राखणदार लागत नाही, असं काहीसं तो वाचत होता. त्यातलं निम्मं त्यांना कळलं नाही. पण परत जाऊन त्यांनी कुलूप तोडलं आणि पेढीवर बसल्या. पाय लटपटत होते म्हणून मांडी घालून बसल्या. तेव्हापासून दर भाद्रपदात त्या येत, तोच खांब धरत आणि वर्षाची शिदोरी घेऊन जात. त्यांना स्वतःचं नावसुद्धा वाचता येत नव्हतं.

“तवना,” त्या म्हणाल्या, “मला अक्षर येत न्हाई.”

त्यांनी पाट दाराच्या आणखी जवळ ओढला.

“मी निस्तं ऐकलं. तुझ्या तोंडचं ऐकून दिरांम्होरं हुबी ऱ्हायले. कोर्टात वकिलानं वरडून इचारलं तवा तुझंच वाक्य मनात म्हणत हुते, आन त्येला उत्तर दिलं. पोरीचं लगीन केलं, ते ऐकलेल्यावर. सावकाराला दारातनं परत लावला, त्योबी ऐकलेल्यावर. आता तू म्हनतोस खालची पायरी. मग तसं सांग. म्हंजे पुढच्या भाद्रपदात गाडीभाड्याला तरी जाया नको.”

आतून पोथी सोडल्याची सळसळ आली. मग दाराखालच्या फटीत काहीतरी खरखरलं. सुट्या पानांच्या पोथीचं पहिलं पान आडवं सरकत बाहेर आलं आणि मध्येच अडकलं. पद्मावतीनं खाली बसून ते अलगद ओढून घेतलं.

“वाच, पद्मा,” आतून आवाज आला. “सावकाश वाच. जोडाक्षर आलं तर दबकू नकोस.”

पद्मावतीनं पदर सारखा केला. घरात शास्त्र मोठ्यानं वाचणारी ती पहिलीच बाई होती, हे तिच्या लक्षात आलं ते दुसऱ्या ओळीवर. त्यामुळं दुसरी ओळ जरा अडखळली. नवं शास्त्र सुरू होत होतं श्रद्धेच्या लक्षणांपासून. बहुतेक शास्त्रं तिथूनच सुरू होतात. पहिलं लक्षण, भय नसणं. भयं सात.

“या लोकाचं भय,” पद्मावती वाचू लागली, “परलोकाचं भय, पाठीराखा नसल्याचं भय, चोरांचं भय, मरणाचं भय...”

आक्का बोटं मिटत होत्या.

“...वेदनेचं भय, आणि अवचित येणाऱ्याचं भय.”

आक्कांची सातही बोटं मिटली. त्यांनी हात तसेच वर धरले आणि त्यांच्याकडं बघत म्हणाल्या, “पद्मा, मरणाच्या पाठीमागचं काय ते पुन्हा वाच.”

“वेदनेचं भय.”

“तवना, हे तू गाळलंस.”

“पाठ म्हणताना एखादं राहतं, आक्का.”

“मघाशी गाळलंस. भाद्रपदातबी गाळलंस. मी म्हणायची, म्हातारी झाले, मोजाया चुकते. तुझं प्रत्येक येळी त्येच एक कसं ऱ्हातं?”

तवनाप्पा देवापुढं बसले होते. समई लावलेली होती. त्यांना ती एक पिवळा डाग म्हणून दिसत होती, हळद सांडावी तसा. त्या डागात त्यांना नेहमी दिसे तेच आज दिसत होतं: परड्यात बसवलेले वडील, समोर उकिडवा बसलेला वैदू आणि त्याच्या बोटांतली सुई. गावोगाव हिंडून सुईनं मोतीबिंदू बाजूला सारणारा तो वैदू होता. ‘डोकं धर’ म्हणून त्यानं लहान तवनाला सांगितलं होतं. तवनानं दोन्ही हातांनी डोकं धरलं होतं. वडील रोज पूजा करणारे, उपास करणारे, कधी आवाज न चढवणारे होते. त्या दिवशी त्यांचा जो आवाज निघाला, तो तवनाच्या तळहातांत शिरला आणि तिथंच राहिला. श्रद्धावंताला वेदनेचं भय नसतं असं वाचताना तळहात आधी घामेजत. मग त्यांनी ते वाचायचं सोडलं. दिसेनासं झाल्यावर तर सोडणं आणखी सोपं झालं.

“दादांचं डोकं तू धरलं हुतंस,” दाराबाहेरून आक्का म्हणाल्या. त्यांनी आवाज खाली आणला होता. “मी पाय धरलं हुतं. मलाबी ऐकाया येतं अजून.”

अजितनं पद्मावतीकडं बघितलं. ही गोष्ट त्यानं कधी ऐकली नव्हती. घरात वडिलांच्या निर्भयपणाच्या इतक्या गोष्टी होत्या की या गोष्टीला जागा उरली नव्हती.

“आक्का,” तवनाप्पा म्हणाले, “मला भ्या वाटतं.”

बस्तीतल्या भाषेत ते नव्हतं. त्यात शास्त्र नव्हतं आणि तोल तर मुळीच नव्हता.

“ठावं हाय,” आक्का म्हणाल्या. “पद्मा, म्होरं काय लिवलंय?”

पद्मावतीनं ओळीवर बोट ठेवलं. “वेदना देहाला होते. तिला जाणणारा वेगळा असतो. जी वेदना अजून आलेलीच नाही, ती आधीच भोगत बसणं म्हणजे भय.” तिनं पान पालटलं. “एवढंच आहे. पान संपलं.”

“झालं,” आक्का गुडघ्यावर हात देऊन उठल्या. “पान झालं. नियम झाला. भ्या वाटतंय तर त्येला घेऊन टांग्यात बस. टांग्यात जागा हाय. अजित म्होरं बसंल.”

कडी निघाली. तवनाप्पांच्या धोतरावर गंध सांडलेलं होतं. बाहेर येऊन त्यांनी हवेत हात पुढं केला. तो आक्कांनी धरला. तळहात ओला होता. आक्कांनी तो पदरानं पुसला आणि पुन्हा धरला.

मिरजेपर्यंत विशेष काही घडलं नाही. विश्रामबागेच्या पुढं तवनाप्पांनी एकदा टांगा थांबवायला सांगितला. उतरले, पुन्हा चढले. लालासाहेबांनी बशीची गोष्ट नव्यानं काढली, तेव्हा पद्मावतीनं त्यांना भाकरी दिली. ती त्यांच्या तोंडाला दवाखान्यापर्यंत पुरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जवळच्या माणसाला आत बोलावलं. अजित पुढं झाला, ट्रेवर झाकलेलं फडकं बघितलं, फडक्याखालचं बघायची वाट न पाहता भिंतीवरून घसरत खाली बसला आणि मग आडवा झाला. लालासाहेबांनी त्याला उचललं आणि आक्का आत गेल्या. डोळ्यात थेंब घातले होते, पण माणूस जागाच होता. डॉक्टरांनी पुढं वाकून आपल्या मराठीत सांगितलं, “आता बिलकुल हलायचं नाही.”

तवनाप्पा एक एक भय पुटपुटू लागले. सहावं त्यांनी जरा स्पष्टच म्हटलं. मग ते थांबले. डॉक्टरांचा हात चालू होता तेवढा वेळ ते हलले नाहीत. या खेपेला डोकं धरायला कुणी लागलं नाही. आक्का पायांशी उभ्या होत्या. सवयीनं त्यांनी पाय धरले होते, पण पायांनी कसलीच ओढ घेतली नाही.

दुपारी खाटेभोवती सगळे जमले. दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावल्या होत्या आणि हात अंगालगत ठेवायला सांगितलं होतं. पट्टी सुटेपर्यंत मान वळवायची नाही, खोकायचं नाही, हात वर न्यायचा नाही, अशी नर्सची ताकीद होती. डोळा वाचला की गेला, ते पट्टी उघडल्यावरच कळणार होतं. ते कुणी बोलून दाखवलं नाही.

अजित सावरला होता. त्याला वाटलं, आता आप्पा काहीतरी बोलतील. सात भयं ओलांडून आलेला माणूस पहिलं वाक्य काय बोलतो, हे ऐकून ठेवायला हवं. सांगलीत लोक विचारतील. पद्मावतीलाही तसंच वाटलं असावं, कारण तिनं पोथीचं दुसरं पान गाठोड्यातून काढून मांडीवर घेतलं होतं. लालासाहेब दारात सावधान उभे राहिले. शेजारच्या खाटेवरचा तासगावचा माणूसही कूस न बदलता कान देऊन पडला.

तवनाप्पांचे ओठ हलले.

“आक्का.”

“बोल, तवना.”

“जवळ ये. बाकीच्यांना ऐकू नको जायला.”

आक्का वाकल्या. बाकीचेही वाकले.

“नाकाच्या डाव्या अंगाला लय खाजतंय,” तवनाप्पा म्हणाले. “जरा खाजव.”